खरे अँथनी गोन्साल्विस



'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात मोठ्या अंड्यातून बाहेर पडून अँथनी जे गाणे म्हणतो, ते ऐकले नाही असा माणूस बाळापुरात सापडणे कठीण. सेमिनरीच्या स्नेहसंमेलनात आम्हीही त्यावर नाचलो आहोत. नाव आणि नावामागची वस्तू यांचा संबंध काय, यावर तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. पण या गाण्यातल्या नावाचा माणूस खरोखर होता, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळले.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. त्यामुळे खेड्यातला मुलगाही कागदावर लिहिलेले संगीत वर्तमानपत्रासारखे वाचू शके. ही विद्या घेऊन अँथनी १९४३ साली मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

त्या काळी संगीतकार पेटीवर चाल बसवीत. पण पंचवीस-तीस वादकांपैकी कोणी केव्हा काय वाजवायचे, हे कागदावर लिहून काढणारा आणि समोर उभे राहून सर्वांना एकत्र चालवणारा माणूस वेगळा असे. हे काम बहुधा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांकडे असे. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचे! अँथनी यांनीही हे काम वर्षानुवर्षे केले. वांद्र्याच्या घरी ते शिकवीतही. राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले आणि प्यारेलाल शर्मा नावाचा एक होतकरू व्हायोलिनवादकही.

पण त्यांच्या मनात वेगळेच होते. आपल्या चर्चमध्ये पेटीच्या साथीने आपण सारे एकच चाल गातो. आपल्या रागसंगीताची रीतही तशीच, सुरांची एक ओळ पुढे जात राहते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र एकाच वेळी अनेक ओळी निरनिराळ्या चालतात आणि तरीही एकमेकींना धरून असतात. रागाचे रूप न बिघडवता तो असा लिहिता येईल का, हा अँथनी यांचा प्रश्न होता. प्रश्न अवघडच, कारण रागात न बसणारा एक सूर जरी सोबतीला आला तरी राग मोडतो. त्यांनी राग सारंगवर आधारित रचना लिहिली. १९५८ साली स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात शंभराहून अधिक कलावंतांना एकत्र आणले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चित्रपटाच्या झगमगाटापासून दूर, केवळ संगीतासाठी! आमच्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हेच.

हा प्रयोग पुढे फार टिकला नाही. १९६५ साली वृत्ती मिळून ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवली आणि माजोर्ड्याला राहिले. कारणांविषयी लोक तर्क करीत राहिले. आम्ही त्यात पडत नाही.

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. गाण्यात आधी आडनाव दुसरे होते. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे सुचवले आणि ते घेतले गेले. गुरुदक्षिणाच म्हणायची. देशभर पोरेसोरे ते नाव ओरडू लागली, तेव्हा त्या नावाचा धनी गोव्यातल्या आपल्या गावी शांतपणे राहत होता. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यातच त्यांचे निधन झाले.