बादशाह खान : शांततेची किंमत मोजणारा खुदाई खिदमतगार

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरमध्ये एका म्हाताऱ्या पठाणाने डोळे मिटले. वय शंभरीला टेकलेलं, आणि मरतेवेळीही नजरकैद. त्यांची इच्छा होती की आपलं दफन अफगाणिस्तानातल्या जलालाबादला व्हावं. त्या वेळी तिथं युद्ध पेटलेलं होतं. एका बाजूला सोव्हिएत फौजांच्या पाठबळावर उभं असलेलं काबूलचं सरकार, दुसऱ्या बाजूला मुजाहिदीन. तरी या जनाजासाठी दोन्ही बाजूंनी हत्यारं थांबवली. हजारो लोक खैबर खिंड ओलांडून जलालाबादला गेले. पण त्याच दिवशी जनाजाला आलेल्या लोकांच्या गाड्यांजवळ बॉम्बस्फोट झाले आणि काहींचे जीव गेले. आयुष्यभर शांततेसाठी झटलेल्या माणसाला निरोपही असा मिळाला.

हे होते खान अब्दुल गफार खान. आपल्या लोकांत बाचा खान किंवा बादशाह खान, आणि आपल्याकडे सरहद्द गांधी. शाळेत आम्हाला त्यांची ओळख झाली ती जोड्या लावा या प्रश्नातून. डाव्या बाजूला सरहद्द गांधी, उजव्या बाजूला खान अब्दुल गफार खान, एक रेघ ओढली की एक गुण. पुढे त्यांचं चरित्र वाचलं तेव्हा कळलं की त्या एका रेघेत आपण काय काय गमावलं होतं.

जमीनदाराचा मुलगा

१८९० मध्ये पेशावरजवळच्या चारसद्दा भागातल्या उत्मानझई गावात त्यांचा जन्म झाला. वडील बेहराम खान हे गावातले मोठे जमीनदार. पठाणांत सूड म्हणजे इभ्रत. एका खुनाचा बदला पिढ्यान् पिढ्या चालायचा. अशा समाजात बेहराम खान शत्रूला माफ करणारे म्हणून ओळखले जात. मुलाने पुढे जे केलं, त्याचं बी घरातच पडलं होतं असं आम्हाला वाटतं.

पेशावरच्या मिशन शाळेत ते शिकले. मुलांना इंग्रजांच्या शाळेत घालू नये असं सांगणारे मुल्ला तेव्हा गावोगाव होते, पण बेहराम खानांनी ऐकलं नाही. पठाण तरुणाचं त्या काळातलं सर्वात मोठं स्वप्न म्हणजे इंग्रजांच्या गाइड्स पलटणीत अधिकारी होणं. ती संधी गफार खानांना चालून आली. पण त्या पलटणीतल्या एका ओळखीच्या पठाण अधिकाऱ्याचा एका कनिष्ठ इंग्रजाने सगळ्यांसमोर अपमान केलेला त्यांनी पाहिला आणि नोकरीचा विचार कायमचा सोडला. काही काळ ते अलिगढलाही शिकले. इंग्लंडला जायचं होतं, पण आईने सोडलं नाही. थोरला मुलगा, म्हणजे पुढचे डॉ. खान साहेब, आधीच तिकडे होता. आईचं मन मोडून जायचं नाही, असं ठरवून ते गावातच राहिले.

गावात राहून करायचं काय? विशीतल्या या पोराने शाळा काढली. १९१० च्या सुमारास तुरंगझईच्या हाजी साहेबांच्या साथीने हे काम सुरू झालं. सरकारला ते आवडलं नाही. पुढे १९२१ मध्ये त्यांनी उत्मानझईत आझाद शाळा सुरू केली, समाजसुधारणेसाठी अंजुमन स्थापन केली. त्याच वर्षी त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. जमीनदाराचा मुलगा पायात बेड्या घालून जात्यावर दळू लागला. गुन्हा काय, तर मुलांना शिकवलं.

शांतता म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे

सरहद्द प्रांत गरीब का होता, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचं राजकारण कळत नाही. इंग्रज तिथं मोठ्या खानांच्या मार्फत राज्य करत. त्यांना जमिनी, मान, पदव्या द्यायच्या आणि त्यांच्याकडून रयतेला दाबून ठेवायचं. वर फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन नावाचा कायदा. एकाने काही केलं तर त्याच्या सगळ्या टोळीला शिक्षा करायची सोय त्यात होती. राहिलेलं काम आपापसातली वैरं करत होती. कमावलेला पैसा बंदुकीत आणि खटल्यात जायचा. पोरं निरक्षर राहायची. व्यापार करणं पठाणाला कमीपणाचं वाटायचं आणि अंगमेहनतीचे धंदे करणाऱ्यांना हलकं समजलं जायचं.

गफार खान पायी शेकडो गावं फिरले तेव्हा त्यांना हे सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसलं. सूड थांबला नाही तर गरिबी हटणार नाही, शाळा आली नाही तर सूड थांबणार नाही, आणि गुलामी गेली नाही तर शाळा टिकणार नाही. म्हणून त्यांनी सगळ्याला एकदम हात घातला. १९२८ मध्ये पख्तून नावाचं मासिक लोकांच्या भाषेत, पश्तूत काढलं. त्यात स्त्रियांच्या हक्कांवरही लिखाण यायचं. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार ही संघटना उभी राहिली.

नावाचा अर्थ खुदाचे सेवक. खुदाला कुणाच्या सेवेची गरज नाही, तेव्हा त्याच्या मखलूकची सेवा हीच त्याची सेवा, असं ते समजावून सांगत. सामील होणाऱ्याला शपथ घ्यावी लागे : हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, साधं राहीन आणि रोज किमान दोन तास समाजाचं काम करीन. हे दोन तास आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. नुसती शपथ घेऊन माणूस बदलत नाही. रोज गल्ली झाडली, शाळेच्या भिंतीला हात लावला, दोन घरांचं भांडण मिटवलं की हळूहळू बदलतो. पांढरे कपडे कामात लवकर मळायचे म्हणून त्यांनी ते स्वस्तातल्या विटकरी-लाल रंगात बुडवले, आणि इंग्रज त्यांना लाल डगलेवाले म्हणू लागले. खान आणि त्याच्याच शेतावर राबणारा कूळ एकाच रांगेत, एकाच रंगाच्या कपड्यात उभे राहिले. त्या समाजात ही साधी गोष्ट नव्हती.

हे बळ कुठून आणलं, असं विचारणाऱ्यांना बादशाह खान प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मक्केतल्या तेरा वर्षांकडे बोट दाखवत. छळ सोसला, घर सोडलं, पण सत्य सोडलं नाही आणि सब्र सोडला नाही. अहिंसा त्यांना कुणाकडून उसनी घ्यावी लागली नव्हती. गांधीजींशी त्यांची गाठ पक्की होण्याआधीच ती त्यांच्या दीनमधून त्यांच्याकडे आली होती.

किस्साख्वानी बाजार

२३ एप्रिल १९३० रोजी त्यांना अटक झाली. पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात लोक जमले. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला. पठाणांच्या घराघरात बंदूक होती, पण त्या दिवशी जमावाने ती आणली नाही. मेलेल्यांचा आकडा सरकारने कमी सांगितला, लोक शेकड्यांत सांगत राहिले. त्याच दिवसांत रॉयल गढवाल रायफल्सच्या हिंदू शिपायांना या मुस्लिम जमावावर गोळी झाडायचा हुकूम झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नकार दिला. त्यांचं कोर्टमार्शल झालं आणि गढवालींना अनेक वर्षं तुरुंगात काढावी लागली.

हिंदू-मुस्लिम ऐक्यावर भाषणं आम्ही भरपूर ऐकली आहेत. पण समोर निःशस्त्र माणूस उभा आहे म्हणून बंदूक खाली घेणारा शिपाई आणि त्या शिपायाच्या समोर निःशस्त्र उभा राहणारा पठाण, या दोघांनी त्या दिवशी जे दाखवलं ते कुठल्याच भाषणात सापडत नाही.

वर्ध्याचा पाहुणा

महाराष्ट्राशी त्यांचं नातं इथून सुरू होतं. १९३४ मध्ये सुटका झाली, पण स्वतःच्या प्रांतात पाय ठेवायला बंदी. मग ते वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे येऊन राहिले. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. अध्यक्ष व्हा अशी विनंती झाली तेव्हा त्यांनी नकार दिला. आपण साधे सैनिक आहोत, तेच बरं, अशी त्यांची भूमिका. मुंबईत ख्रिस्ती बांधवांच्या एका सभेत त्यांनी सरहद्दीवर काय घडलं ते सांगितलं. तेवढं पुरलं. डिसेंबरमध्ये वर्ध्यातून त्यांना अटक झाली, मुंबईत खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचं मोठं इंग्रजी चरित्रही एका मराठी माणसाने लिहिलं, रत्नागिरीच्या डी. जी. तेंडुलकरांनी, १९६७ मध्ये.

१९३७ मध्ये सरहद्द प्रांतात भावाचं, डॉ. खान साहेबांचं, मंत्रिमंडळ आलं. भाऊ मुख्यमंत्री, आणि हे गावोगाव पायी फिरतायत. मंत्रिपद त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नाही. आजच्या राजकारणात निवडून आलेल्याच्या घरातला पुतण्यासुद्धा गाडीवर पाटी लावून फिरतो, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

दोन्हीकडून परके

१९४७ साल त्यांना सर्वात जड गेलं. त्या वर्षी मार्चमध्ये ते गांधीजींसोबत बिहारच्या दंगलग्रस्त गावांतून फिरत होते, उद्ध्वस्त मुस्लिम घरांना धीर देत होते. मुस्लिम लीगचे लोक मात्र त्यांना हिंदूंचा हस्तक म्हणत. जूनमध्ये काँग्रेसने फाळणी मान्य केली. ज्या पक्षासाठी पठाणांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्याने एका शब्दाने न विचारता आपल्याला वाऱ्यावर सोडलं, हे दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. जुलैमधल्या सार्वमतात भारत किंवा पाकिस्तान एवढेच दोन पर्याय होते. त्यांनी बहिष्कार टाकला आणि जवळपास निम्मे मतदार घरी बसले. प्रांत पाकिस्तानात गेला.

आता देश हाच, असं मानून त्यांनी १९४८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानच्या संविधान सभेत निष्ठेची शपथ घेतली. जूनमध्ये त्यांना अटक झाली. १२ ऑगस्टला चारसद्द्याजवळ बाबडा इथे खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. सरकारी आकडा पंधराचा, लोकांचा शेकड्यांत. किस्साख्वानीत गोळी झाडणारे परके होते, इथे आपलेच होते. पुढे सुटका, पुन्हा अटक, पुन्हा सुटका. इंग्रजांचे आणि पाकिस्तानचे मिळून आयुष्यातली जवळपास तीस वर्षं तुरुंगात किंवा नजरकैदेत गेली. तरी बंदुकीची भाषा त्यांनी केली नाही.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीला ते भारतात आले. विमानतळावर पंतप्रधान स्वागताला, आणि यांच्या हातात कपड्यांचं एक बोचकं. ते बोचकं त्यांनी कुणाकडे दिलं नाही. काही दिवस आधीच अहमदाबादमध्ये दंगल होऊन शेकडो माणसं मेली होती, त्यात बहुसंख्य मुसलमान. सत्कार स्वीकारण्याआधी या म्हाताऱ्याने तीन दिवसांचा उपवास केला. गांधीजींना भारत विसरला, हे त्यांनी त्या दौऱ्यात तोंडावर सांगितलं. १९८७ मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिलं.

आपण त्यांच्याकडून काय घ्यावं?

हिशेब मांडला तर ते हरले असंच दिसेल. फाळणी थांबली नाही. त्यांच्याच भूमीवर पुढे इतकी बंदूक आली की जनाजालाही स्फोट झाले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या शाळा निघाल्या, ज्या पोरांनी अक्षर गिरवलं, ज्या घरांचं वैर मिटलं, ते हरणं नव्हतं.

आपल्या वस्त्यांत कुणी डिवचलं की पोरं रस्त्यावर येतात. राग खरा असतो, कारणही अनेकदा खरं असतं. पण दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल होतो तो यंत्रमागावर बारा तास राबणाऱ्याच्या किंवा हातगाडीवाल्याच्या पोरावर. भाषण करणारा नेता जामिनाच्या तारखेला कोर्टात दिसत नाही. वकिलाची फी आईच्या बांगड्यांतून जाते. म्हणून आम्हाला वाटतं, गरिबाला शांत राहा एवढंच सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याला भडकवणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. बादशाह खानांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी अन्यायाला नाही म्हणायला शिकवलं, तुरुंगात आधी स्वतः गेले, आणि सुटल्यावर पुन्हा शाळा उघडली.

आणि घरातल्या विषमतेवरही ते बोलले. आपल्याकडेही बिरादरी पाहून सलामाचा आवाज बदलतो, न्हाव्याच्या किंवा पिंजाऱ्याच्या पोराला जमातीच्या कारभारात शेवटची जागा मिळते. बाहेरच्यांकडे न्याय मागताना आतला हा हिशेबही चुकता करावा लागेल.

रोजचे दोन तास फार वाटत असतील तर आठवड्याचे दोन तास तरी मोहल्ल्यासाठी निघू शकतात. एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती, एखाद्याचं रेशन कार्ड, दोन भावांचं वाटणीचं भांडण. कामाची कमी नाही.

अल्लाह बादशाह खानांची मगफिरत करो, आणि जुलमापुढे न झुकणारा, पण सूडाने आंधळा न होणारा त्यांचा सब्र आपल्यालाही देवो. आमीन.