युद्धाला नकार देणारे पहिले सत्याग्रही : आचार्य विनोबा भावे

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी हे गाव आज बोर धरण आणि बोर व्याघ्र प्रकल्प यांमुळे ओळखले जाते. 1940 साली तेथे धरण नव्हते. कापूस आणि ज्वारी यांच्या हंगामावर चालणारे वऱ्हाड-नागपूरकडील खेड्याचे जीवन तेवढे होते. तरीही हजारो मैलांवर पेटलेल्या युद्धाची झळ अशा खेड्यांपर्यंत येऊन पोहोचली होती. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यानंतर सैन्यभरती सुरू झाली, युद्धनिधी गोळा होऊ लागला. या युद्धाला आपला मुलगा द्यावा का, आपला पैसा द्यावा का, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. त्याला पहिले जाहीर उत्तर मिळाले ते याच जिल्ह्यातील, धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनार गावातून. ते उत्तर देणारे गृहस्थ होते विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. त्यामुळे विनायकाचे शिक्षण तेथे झाले. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. भक्तीचा आणि त्यागाचा पहिला पाठ आपल्याला आईकडून मिळाला, हे विनोबा आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत राहिले.

तरुण विनायकाच्या मनात मात्र त्या काळी दोन वाटांचे द्वंद्व चालू होते. एक वाट हिमालयाकडे जाणारी, ध्यानाची आणि शांतीची. दुसरी बंगालकडे जाणारी, सशस्त्र क्रांतिकारकांची. देशासाठी शस्त्र हाती घ्यावे अशी ओढ त्यांनाही वाटत होती, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे कधी लपवून ठेवली नाही. पुढे युद्धाला नकार देणारा हा मनुष्य जन्मतःच मवाळ नव्हता, हे आपण येथेच लक्षात घेतले पाहिजे.

25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायकराव वाटेत सुरतेस उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. त्यापूर्वी एके दिवशी आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईदेखत चुलीत टाकली होती. काशीत असताना गांधीजींच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला या एकाच माणसापाशी सापडल्या, असा अनुभव विनोबांना आला. एकवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या त्या तरुणाचे द्वंद्व तेथे शमले.

हा प्रश्न गुरूंनाही सोपा गेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1918 साली पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गांधीजी स्वतः गुजरातेत खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करीत गावोगाव फिरले होते. अहिंसेचे व्रत आणि युद्धाचे आवाहन यांतून वाट काढताना थोरामोठ्यांचीही किती ओढाताण होते, याचे हे उदाहरण होय.

1921 च्या एप्रिल महिन्यात विनोबा आश्रम चालविण्यासाठी वर्ध्यास आले आणि हा जिल्हा त्यांची कायमची कर्मभूमी ठरला. सूतकताई, शेती, भंगीकाम, अध्ययन आणि प्रार्थना असा त्यांचा दिनक्रम असे. 1932 साली त्यांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी सहबंदींसमोर गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि गीता प्रवचने या नावाने ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील पहिलेच प्रवचन फार मोलाचे आहे. रणांगणावर उभा असलेला, शस्त्र खाली ठेवू पाहणारा अर्जुन हा युद्धापुढे गोंधळलेल्या तरुणाचे आपल्या परंपरेतील सर्वांत परिचित चित्र होय. अहिंसेचे उपासक असलेले विनोबा अर्जुनाची बाजू घेतील, अशी आपली अपेक्षा असते. तसे घडत नाही. विनोबांच्या मते अर्जुनाला हिंसेचा वीट आलेला नव्हता. यापूर्वी त्याने अनेक युद्धे केली होती. या वेळी समोर स्वकीय उभे होते, म्हणून त्याचे मन कचरले आणि त्याने आपल्या मोहाला तत्त्वज्ञानाचे वस्त्र पांघरले. यासाठी ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. अनेक गुन्हेगारांना फाशी सुनावणाऱ्या या न्यायाधीशापुढे जेव्हा स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहिला, तेव्हा कुठे त्याला फाशीची शिक्षा अमानुष असल्याचा साक्षात्कार झाला.

या विवेचनाने विनोबांनी नकार देणाऱ्यापुढे एक कठोर कसोटी ठेवली. आपला नकार भीतीतून आला आहे, आप्तांच्या मोहातून आला आहे, की खरोखर विवेकातून? परक्याच्या मृत्यूनेही आपले मन तेवढेच हेलावते काय? ही कसोटी त्यांनी आठ वर्षे आधी तुरुंगात मांडली, आणि मग तिला सामोरे जाण्याची वेळ त्यांच्यावरच आली.

1940 साली देशापुढील पेच खरा होता. एका बाजूला हिटलरने युरोप पादाक्रांत केला होता आणि ब्रिटन एकाकी झुंजत होते. राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धास मदत करू, असा प्रस्ताव काँग्रेसने त्या वर्षीच्या जुलैत मांडला आणि गांधीजी त्यापासून दूर राहिले. ऑगस्टमधील ब्रिटिश सरकारच्या उत्तराने निराशा झाल्यावर काँग्रेस पुन्हा गांधीजींकडे वळली. संकटात सापडलेल्या शत्रूची अडवणूक करणे गांधीजींना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी सार्वजनिक आंदोलन न उभारता एकेका निवडक व्यक्तीने सत्याग्रह करावा असे ठरविले. प्रश्न मर्यादित होता. ब्रिटनमध्ये लष्करात सक्तीची भरती होती, पण विवेकाच्या कारणाने नकार देणाऱ्यांसाठी न्यायाधिकरणेही होती आणि सुमारे 60,000 जणांनी तशी नोंद केली होती. भारतात सक्तीची भरती नव्हती. मात्र युद्धास साहाय्य करू नका असे इतरांना उघडपणे सांगण्यास मुभा नव्हती. तेवढे सांगण्याचा हक्क सत्याग्रही मागत होते.

पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली, तेव्हा देशातील बहुतेकांना हे नाव ठाऊकही नव्हते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले आणि त्यानंतर ते जवळपासच्या गावांतून पायी बोलत फिरले. 21 ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटकेनंतर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला. या आंदोलनात ते तीनदा तुरुंगात गेले. दुसरे सत्याग्रही म्हणून जवाहरलाल नेहरूंची निवड झाली होती. त्यांना सत्याग्रह करण्यापूर्वीच अटक झाली. 1941 च्या मध्यापर्यंत 20,000हून अधिक स्त्रीपुरुषांनी हा मार्ग पत्करला होता.

त्याच काळात ऑस्ट्रियातील एका खेड्यात एक कॅथलिक शेतकरी हाच प्रश्न सोडवीत होता. फ्रान्झ यागरस्टेटर यांनी नाझी सैन्यात लढण्यास नकार दिला. घरी पत्नी आणि तीन लहान मुली होत्या. धर्मगुरूंनी, इतकेच काय बिशपांनीही त्यांना कुटुंबाचा विचार करण्यास सांगितले. तरीही ते ढळले नाहीत. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. 2007 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत ख्रिस्तसभेने त्यांना धन्य म्हणून घोषित केले.

या दोघांची सरसकट तुलना आपण करू नये. यागरस्टेटर यांच्यापुढे मृत्यू होता, विनोबांपुढे काही महिन्यांचा तुरुंग. शिवाय यागरस्टेटर उघड अन्यायी सत्तेला नकार देत होते. विनोबा मात्र त्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बाजूस साहाय्य नाकारत होते, आणि म्हणून त्यांचा निर्णय अनेक प्रामाणिक माणसांना पटला नाही. त्या युद्धात सुमारे 25 लाख भारतीय स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. इटलीच्या रणभूमीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठी जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांपैकी घाडगे तेथेच धारातीर्थी पडले. त्यांच्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. जाणारा नीच आणि न जाणारा थोर, असा हिशोब येथे नाही. आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजण्याची तयारी, ही त्या सर्वांना जोडणारी गोष्ट होय.

विनोबांच्या बाबतीत ही तयारी एका दिवसाची नव्हती. नुसता नकार त्यांना पुरेसा वाटला नाही. युद्धाची मुळे अन्यायात आणि हावेत असतात, हे ओळखून ते पुढे कार्यास लागले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि पुढील कित्येक वर्षे ते देशभर पायी चालत भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. 1957 साली त्यांनी शांतिसेना उभारली : दंगल पेटेल तेथे निःशस्त्र जाऊन उभे राहणाऱ्यांची सेना. सर्व धर्मांच्या ग्रंथांचा त्यांनी आदराने अभ्यास केला; बायबलमधील वेच्यांचे त्यांचे ख्रिस्तधर्म-सार हे संकलन आपल्या परिचयाचे असावयास हवे. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनार येथेच त्यांनी देह ठेवला. 1983 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली, विवेकाच्या कारणाने शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे आणि त्यांनी समाजाची अन्य प्रकारे सेवा करावी, असे प्रतिपादन केले. त्याच वेळी देशरक्षणासाठी सैन्यात जाणाऱ्यांच्या सेवेचाही गौरव केला. आपल्या धर्मग्रामांतील तरुणांपैकी काही सैन्यात जातील, काही जाणार नाहीत. भारतात आजही सक्तीची भरती नाही, त्यामुळे हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो. तो घेताना विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात मांडलेला प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारावा : माझ्या अंतःकरणात जे बोलते आहे, ते भय आहे, मोह आहे, की विवेक? हा प्रश्न केवळ युद्धापुरता नाही. ज्याने तो रोजच्या लहानसहान प्रसंगी विचारण्याची सवय ठेवली, त्याला मोठ्या प्रसंगी उत्तर शोधत बसावे लागत नाही.