पंडिता रमाबाई आणि देवाची हाक



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मला पाककृती लिहिता येत नाहीत आणि कविता तर मुळीच नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे बाकी होते. तुम्ही ख्रिस्ती मंडळी नेहमी म्हणता की देवाने मला सांगितले, देवाने मला वाट दाखविली. ते तुम्हाला कळते तरी कसे? कानांत आवाज येतो काय? आणि तो आपल्याच मनाचा नसेल कशावरून? प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला होता. सगळ्याजणी हसल्या, मीही हसले, आणि तिळगूळ हातावर ठेवून विषय तिथेच संपला.

माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. तो प्रश्न मला थोडा लागला होता. का लागला, ते शेवटी सांगेन. आधी अशा एका बाईंची हकीगत सांगते की ज्यांना कानांनी कमी ऐकू येत असे, आणि तरीही देवाची हाक ऐकून ज्या जन्मभर चालल्या. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपणा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. जात, धर्म कोणताही असो, महाराष्ट्रात शिकलेली प्रत्येक बाई त्यांचे थोडेफार देणे लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशा त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला शिकविले, आणि लोकांचा रोष पत्करून रानात बिऱ्हाड केले. आईने तेच ज्ञान मुलीच्या ओंजळीत घातले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७४ च्या सुमाराचा दुष्काळ आला, जवळचे सारे संपले, आणि अन्नावाचून थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात, तेव्हा तिरडीला या मुलीनेही हात लावला. वडिलांनी जाताना त्यांना देवाच्या हाती सोपविले होते, आणि त्याचीच सेवा करीत सरळपणाने जगण्यास सांगितले होते. वडिलांचे हे शेवटचे बोलणे त्या कधी विसरल्या नाहीत.

उरलेली दोघे भावंडे पायी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्यानंतरचे दिवस फार वेगाने पालटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीला घेऊन, ही विधवा महाराष्ट्रात आली. पुण्यास तिने आर्य महिला समाज स्थापन केला. आपली मंडळे आज सहजपणे चालतात. त्या वाटेवरचे पहिले काटे वेचणाऱ्यांत ह्या होत्या.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. १८८३ मध्ये रमाबाई वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होऊन आपल्या देशातील बायकांची सेवा करावी हा हेतू चांगलाच होता, आणि कोणीही म्हणाले असते की ही देवाचीच इच्छा. परंतु त्यांचे कान अधू झाले होते. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. विचार करा, सातासमुद्रापलीकडे, पदरी लहान मूल, आणि ज्या दारासाठी आलो तेच बंद. दुसरी एखादी म्हणाली असती की देवाने मला फसविले. रमाबाईंनी मात्र संस्कृत शिकविण्याचे काम धरले आणि वाट पाहिली. बंद झालेले दारदेखील कधी कधी देवाचे बोलणे असते, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातून प्रथम उमगली.

ख्रिस्ताची त्यांना ओळख कशी पटली, तेही ऐकण्यासारखे आहे. आसामात असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. ते त्यांना आवडलेही होते, परंतु पुस्तक आवडणे निराळे. इंग्लंडात ज्या धर्मभगिनींकडे त्या राहत, त्यांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तेथे आपुलकीने सांभाळले जात होते. हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांवर कोणी माया करतो, हेच त्यांना नवीन होते. ही माया कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी आदराने बोलणाऱ्या येशूची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. आधी कृती दिसली, मग शब्दाचा अर्थ कळला. त्यांच्या बाबतीत नेहमी असेच घडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देवाची हाक ऐकणारी बाई म्हणजे कोणी सांगेल ते मान्य करणारी बाई, असे नव्हे. बाप्तिस्मा घेतल्यावरही धर्मभगिनींनी आणि धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेले सगळे रमाबाईंनी निमूटपणे स्वीकारले नाही. स्वतः पवित्र शास्त्र वाचून, आपल्या विवेकाला विचारून पटेल तेच त्या मानीत. यावरून वाद झाले, पत्रव्यवहार झाले, मने दुखावली. गुरूचा, बिशपचा किंवा समाजाचा आवाज हा आपोआप देवाचा आवाज होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आणि स्वतःचा आवाजदेखील होत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांनी मोकळेपणाने कबूल केले की आपल्याला धर्म सापडला होता, पण ज्याच्यासाठी धर्म तो ख्रिस्त अजून जवळून भेटला नव्हता. एवढ्या कीर्तीच्या बाईने आपली चूक अशी चारचौघांत सांगावी, याचे मला फार नवल वाटते.

इंग्लंडहून त्या १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. निमित्त होते नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरीच्या पदवीदानाचे. त्यांनी स्वतः ज्या दारातून परत फिरायचे होते, त्याच दारातून दुसरी मराठी मुलगी आत गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अमेरिकेत त्यांनी हिंदी विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे ह्या तेथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसतात म्हणून सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. विश्वासाने ठेवलेल्या मुलींच्या बाबतीत कोणालाही ती वाटेल. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की मी माझ्या खोलीचे दार लावून चोरून प्रार्थना करणार नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता, सदनातल्या मुलींचेच भागविणे कठीण होते. जावे की न जावे, अशी त्यांच्या मनाची ओढाताण झाली. त्यांना आकाशवाणी झाली नाही. त्यांना आठवली ती बावीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक, आणि आईच्या तिरडीचा भार. ज्याने मला त्यातून वाचविले त्याने ते कशासाठी वाचविले असेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली व बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ असल्यामुळे शहरात इतकी माणसे ठेवण्यास मनाई झाली. पुन्हा एक दार बंद! तेव्हा सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील केडगाव येथे, जेथे त्यांनी आधीच फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तेथे बिऱ्हाड हलले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या दोन हजारांसाठी ठरलेले असे उत्पन्न नव्हते. रमाबाई प्रार्थनेवर विसंबून असत, हे खरे. परंतु प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकविले, तेलघाणा आणि छापखाना चालविला. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढले, अंध मुलींना लिहावाचावयास शिकविण्याची सोय केली. आपण पडेगावच्या बायका उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी लावतो. पाण्याचे मोल आपणास सांगावयास नको. दोन हजार माणसांना रोज पाणी पाजणे ही केवढी प्रार्थना, ते आपल्यालाच कळेल.

उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या अडाणी बाईलाही समजावे असे मराठी त्यांना हवे होते. पुराणे तोंडी असलेल्या पंडितेने सोपे लिहिण्यासाठी वर्षानुवर्षे झिजावे, आणि खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्याच बायकांनी करावे! जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता माझे थोडेसे. काही वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर वारले. जाऊने गंगापूर तालुक्यातल्या गावाहून विचारले की थोरलीला कॉलेजसाठी तुमच्याकडे ठेवून घ्याल का? दोन खोल्यांचे घर, यजमान निवृत्त, पाण्याची ओढाताण. मी म्हटले, प्रार्थना करून सांगते. दोन रात्री गुडघे टेकले, मनाला शांत वाटले, आणि मी कळविले की देवाची इच्छा आत्ता दिसत नाही. पोरीचे शिक्षण थांबले, अठरा पूर्ण होताच लग्न उरकले. पुढे रमाबाईंचे चरित्र वाचताना १८९६ च्या पानावर मी अडखळले. त्यांच्याजवळ तीनशे जणींसाठी काही नव्हते आणि माझ्याजवळ एकीसाठी दोन खोल्या होत्या. मला जी शांती वाटली होती ती जबाबदारी टळल्याची होती. मी माझ्याच आवाजाला देवाचे नाव दिले होते. वहिनींचा प्रश्न लागला तो यामुळे.

तर वहिनी, माझे उत्तर असे. पावसाळा सरला की आपल्याकडून दौलताबादच्या रस्त्याने धनगरांचे कळप जातात. रस्त्यावर दहाजण ओरडत असले तरी मेंढरे आपल्या धनगराच्याच हाळीला वळतात, कारण ती रोज त्याच्यासंगे राहिलेली असतात. आमचेही तसेच आहे. रोज शास्त्र वाचून, प्रार्थना करून तो आवाज ओळखीचा करून घ्यावा लागतो. आणि तरीही चूक होते, म्हणून तो पारखावा लागतो. जे ऐकले ते येशूच्या वागण्याशी जुळते काय? ते मला कोणाच्या दुःखाकडे नेते, की त्यापासून दूर? ते नेहमी माझ्या सोयीचेच बोलते काय? शहाण्या माणसांसमोर ते उघड सांगता येते काय? मी प्रार्थना केली होती, परंतु यांतला एकही प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. मुलीला तर मुळीच विचारले नव्हते.

गेल्या जूनपासून जाऊची धाकटी मुलगी आमच्याकडे राहते. या वेळी मी दोन रात्री थांबले नाही. थोरलीचे गेलेले शिक्षण त्याने परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. एकदा ती भेटली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, फक्त तिने माझ्यासाठी चहा टाकला. धाकटी या क्षणी पलीकडच्या खोलीत मोठ्याने धडे पाठ करीत आहे, आणि मला लिहिताना दोनदा थांबावे लागले आहे. पण तिला गप्प बस म्हणावेसे वाटत नाही.

आपल्या मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, आणि दारी आलेल्या कोणत्याही भगिनीची हाक आपल्यापैकी कोणाच्या कानाआड न जावो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करते.