साडेतीन किलोंची खुर्ची

बँकेत असताना भंगाराच्या मूल्यांकनावर मी कितीतरी सह्या केल्या. यंत्राचे आयुष्य संपले की वजन करायचे, किलोचा भाव लावायचा आणि खाते मिटवायचे. पुढे अर्नेस्ट रेस या इंग्रज माणसाची हकिगत वाचनात आली आणि आपण खाती जरा घाईनेच मिटवीत होतो, असे वाटून गेले.

रेसचा जन्म १९१३चा, न्यूकॅसलचा. लंडनमध्ये गृहसजावटीचे शिक्षण घेऊन तो दिव्यांच्या कंपनीत आराखडे काढू लागला. १९३७ मध्ये तो चक्क मद्रासला आला. त्याच्या नात्यातल्या एक मिशनरी बाई तिथे विणकाम केंद्र चालवीत. आपल्या नमुन्यांचे कापड तिथल्या विणकरांकडून विणून घेऊन तो लंडनच्या दुकानात विकू लागला. मग महायुद्ध आले आणि हा दुकानदार लंडनच्या अग्निशमन दलात दाखल झाला.

१९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा लंडनमध्ये घरे पडलेली होती. लाकूड इतके दुर्मिळ, की नव्या जोडप्यालाही फर्निचर सरकारी कुपनांवरच मिळे. विमानांचे ॲल्युमिनियम मात्र ढिगांनी पडून होते. रेसने नोएल जॉर्डन या अभियंत्याबरोबर कंपनी काढली आणि ते भंगार वितळवून खुर्चीचे पाय ओतले. पायाचा छेद इंग्रजी 'टी'सारखा, म्हणजे धातू कमी आणि ताकद पुरेशी. बैठक आणि पाठ पत्र्याची, त्यावर गादी. सुरुवातीच्या खुर्च्यांचे जाड सुती कापडसुद्धा हवाई दलाचे उरलेले! मला आवडते ते हे, की या खुर्चीने लाकडाचे सोंग घेतले नाही. धातू तो धातूच राहिला, पण निमुळत्या पायांवर डौलात उभा राहिला.

'बीए' नावाची ही खुर्ची १९४६ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढे मिलानला तिला सुवर्णपदकही मिळाले. १९५१च्या ब्रिटन महोत्सवासाठी रेसने पोलादी सळ्यांची 'अँटिलोप' खुर्ची केली. १९५३ मध्ये त्याला 'रॉयल डिझायनर' हा बहुमान मिळाला. १९६४ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच, तो गेला.

बीए खुर्च्या अडीच लाखांहून अधिक निघाल्या. त्यांत ८५० टन भंगार जिरले. जुन्या सवयीने मी भागाकार केला. एका खुर्चीला साधारण साडेतीन किलो. आमच्या खातेवहीत तेवढेच लिहिले गेले असते. ज्या शहरातल्या आगी विझवल्या, तिथल्या माणसांना टेकायला जागा मिळाली, हे लिहायला आमच्याकडे रकानाच नव्हता.