बिनतारी लहरींचे जगदीशचंद्र
गॅदरिंगला गिटारवाला वायर न ओढता स्टेजभर फिरतो. गिटारच्या जॅकमधला ट्रान्समीटर रेडिओ लहरी सोडतो, अॅम्प्लिफायरजवळचा रिसीव्हर त्या पकडतो. अशा जोडीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक जगदीशचंद्र बोस. जन्म १८५८ चा. १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, पण पगार गोऱ्यांपेक्षा कमी! तीन वर्षे त्यांनी पगारच घेतला नाही, शिकवणं मात्र सोडलं नाही. शेवटी पूर्ण पगार थकबाकीसह मिळाला. धड लॅब नव्हती. उपकरणं स्थानिक कारागिराकडून बनवून घेतली. १८९५ मध्ये त्यांच्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. १९१७ ला संशोधन संस्था काढली, १९३७ ला गेले. परभणीत बसून लॅबमधल्या अपुऱ्या किटबद्दल कुरकुरण्याआधी एवढं आठवावं.