पोलादाचे अंतरंग पाहणारा सॉर्बी

वळणावर गाडी करकरत जाते तेव्हा तिच्याखालच्या रुळाचे काय होत असेल, हा विचार आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या मनात सहसा येत नाही. चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम नाण्याएवढी आणि तेवढ्यावर टनावारी भार. रूळ झिजणारच! पण एक लवकर झिजतो आणि दुसरा वर्षानुवर्षे टिकतो, असे का? ह्या उत्तराची वाट ज्याने मोकळी केली तो हेन्री क्लिफ्टन सॉर्बी ना इंजिनिअर होता, ना कारखानदार.

इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाचे गाव. त्याला लागूनच असलेल्या अ‍ॅटरक्लिफ येथे १० मे १८२६ रोजी सॉर्बीचा जन्म झाला. घराणे हत्यारे बनवणाऱ्यांचे. १८४७ मध्ये वडील वारले. त्यांनी मागे ठेवलेला पैसा पोटाची चिंता मिटवण्यापुरता होता. त्यावर ह्या तरुणाने घरातच प्रयोगशाळा थाटली. लग्न केले नाही. १८७४ मध्ये आई जाईपर्यंत तो तिच्याजवळच राहिला.

आरंभी त्याला वेड होते दगडांचे. दगडाची चकती घासून घासून पारदर्शक होईल इतकी पातळ करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायची. डोंगर का कुठे भिंगातून पाहतात, अशी त्याची थट्टा झाली. तरी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले.

दगडांवरून तो अशनींकडे वळला, आणि अशनींतल्या लोखंडावरून १८६३ मध्ये गावच्या पोलादाकडे. पोलाद कितीही पातळ केले तरी त्यातून उजेड जात नाही. म्हणून त्याने तुकडा आरशासारखा घासून अगदी सौम्य नायट्रिक आम्लात बुडवला. आम्ल सगळीकडे सारखे खात नाही, त्यामुळे आतली रचना पृष्ठभागावर उमटली. १८६४ मध्ये बाथ येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने ह्याची छायाचित्रे मांडली. कोणी फारशी दखल घेतली नाही.

ह्याचे नवल वाटते, कारण काळ रुळांचाच होता. १८५७ मध्ये डर्बी स्टेशनात, जेथे लोखंडी रूळ सहा महिन्यांत बदलावा लागे, तेथे पोलादी रूळ बसवला आणि तो कित्येक वर्षे टिकला. पोलाद टिकते हे सर्वांना दिसले. का टिकते हे विचारायची निकड कोणाला भासली नाही. कारागीर तुकडा मोडून त्याची मोड पाहत, आणि तेवढ्यावर भागत असे.

वीसएक वर्षांनी, १८८५ च्या सुमारास, सॉर्बीने साडेसहाशे पट मोठे करून पुन्हा पाहिले. पोलादातला एक घटक शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा रंगीत चमकत असे. आता त्यात एकाआड एक पातळ थर दिसले : एक मऊ लोखंडाचा, दुसरा लोखंड व कार्बन यांच्या कठीण संयुगाचा. मोत्यासारख्या झाकेवरून पुढे ह्या रचनेला पर्लाइट असे नाव पडले.

नेहमीचा रूळ जवळजवळ सगळा ह्याच पर्लाइटचा असतो. त्यात कठीण भाग सुमारे अष्टमांशच. पण चाकाच्या दाबाखाली वरचे थर वाकून पृष्ठभागाशी समांतर होत जातात आणि चाकासमोर कठीण पत्रेच जास्त येतात. थर जितके बारीक आणि जवळजवळ, तितकी झीज कमी, शिवाय पातळ पत्रा मोडण्याऐवजी वाकतो. म्हणूनच वळणांसाठीच्या रुळाचे डोके तापलेले असताना हवेच्या किंवा पाण्याच्या फवाऱ्याने भराभर थंड करतात. सावकाश निवले तर थर जाड होतात. एकदम विझवले तर थर बनतच नाहीत, पोलाद कठीण पण ठिसूळ होते, आणि ठिसूळ रूळ म्हणजे अपघातालाच आमंत्रण.

उतारवयात सॉर्बीने एक आठवण सांगितली होती. पूर्वी अपघातानंतर रूळ उचलून भिंगाखाली तपासा असे त्याने सुचवले असते, तर लोकांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याजोगा ठरवले असते. आणि आता नेमके तेच केले जात होते. हे सांगताना त्याला हसू आले असेल की राग, कोण जाणे!

तोवर त्याचे मन दुसरीकडे रमले होते. त्याने एक नौका घेतली आणि उन्हाळे समुद्रातले जीव न्याहाळण्यात घालवले. शेफील्डच्या विद्यापीठाच्या उभारणीतही तो होता. ९ मार्च १९०८ रोजी तो वारला. विद्यापीठाला त्याने मागे पैसा ठेवला, तोही पोलादासाठी नव्हे, तर भूशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी.