मॅकॅडम आणि आमची गल्ली

सिव्हिलच्या पोरांना मॅकॅडम हा शब्द काही नवीन नाही. वॉटर बाउंड मॅकॅडम, बिटुमिनस मॅकॅडम, डेन्स बिटुमिनस मॅकॅडम... परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत मी हे सगळं पाठ केलंय. पण हे कुणा माणसाचं आडनाव असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं, असेल एखादं केमिकल! व्हायव्हात सरांनी विचारलं, मॅकॅडम कोण होता? माझी दांडी गुल. त्याच संध्याकाळी लायब्ररीत बसून त्याच्याबद्दल वाचलं आणि वाटलं, हा बाबा मला अकरावीत असतानाच भेटायला हवा होता. का, ते शेवटी सांगते.

जॉन लाउडन मॅकॅडम १७५६ साली स्कॉटलंडमधल्या एअर या गावी जन्मला. घरची स्थिती खालावत गेलेली. वडील वारले आणि १७७० मध्ये, म्हणजे आपण आठवी-नववीत असतो त्या वयात, तो न्यूयॉर्कला काकांकडे गेला. काका व्यापारी. तिथे मॅकॅडमने चांगला पैसा कमावला, पण अमेरिकन क्रांतीत तो इंग्रजांच्या बाजूचा. इंग्रज हरले, बरीचशी मालमत्ता गेली आणि १७८३ मध्ये उरलंसुरलं घेऊन तो स्कॉटलंडला परतला. जमीन घेतली आणि तिथल्या टर्नपाइक ट्रस्टवर विश्वस्त झाला. टर्नपाइक ट्रस्ट म्हणजे काय, तर नाक्यावर टोल घ्यायचा आणि त्यातून रस्ता सांभाळायचा. थोडक्यात आपला टोलनाकाच.

गंमत बघा, या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. होतं ते फक्त कुतूहल. टोल भरूनही रस्ते वाईट का, या एका प्रश्नापायी तो देशभर हिंडला. हा प्रवास सुमारे ३०,००० मैलांचा झाला, तोही घोड्यावर नाहीतर घोडागाडीतून आणि बराचसा स्वतःच्या खिशातून! आपण सर्व्हे कॅम्पला जाताना बस एसी नाही म्हणून कुरकुर करतो.

१८१६ मध्ये, साठीला टेकल्यावर, त्याला ब्रिस्टलच्या ट्रस्टवर सर्व्हेअर म्हणून नेमलं. सुमारे दीडशे मैलांचे रस्ते ताब्यात आले. त्या काळी मजबूत रस्ता म्हणजे खाली मोठमोठे दगड रचायचे, अशी समजूत होती. थॉमस टेलफर्डसारखा नावाजलेला इंजिनिअरसुद्धा दगडांचा पाया घालायचा. मॅकॅडमचं म्हणणं वेगळं होतं. गाडीचं वजन शेवटी पेलते ती खालची माती. माती कोरडी असेल तर ती काहीही पेलेल. ओली झाली, की वर कितीही दगड घाला, रस्ता खचणारच. म्हणून आधी पाण्याला वाट काढून द्या, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्या, मधोमध किंचित फुगीर ठेवा आणि वर फोडलेल्या खडीचा साधारण दहा इंचांचा थर द्या. खडी एकमेकीत घट्ट बसते आणि वरून छपरासारखं काम करते. खडीत माती मिसळायची नाही, कारण माती पाणी धरून ठेवते.

खडीचा आकार हा तर त्याचा जीव की प्राण. एकही दगड ६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. बसून छोट्या हातोडीने दगड फोडायचं काम बायका, म्हातारी माणसं आणि पोरंही करायची. त्या गरिबांच्या पाठी किती दुखल्या असतील, ते मात्र पुस्तकात येत नाही. दगड तोंडात मावला तर चालेल अशी मजुरांची खूण होती असं सांगतात. आणि दात पडलेल्या मजुराचा दगड मोठा निघाला, हा त्यावरचा जुना विनोद!

त्याला आणखी एक कळलं होतं. रस्ता बिघडतो तो फक्त दगडामुळे नाही, कारभारामुळेही. सर्व्हेअरला नीट पगार द्या, हिशेब तपासा, देखभाल चालू ठेवा, असं त्याने पुस्तकं लिहून आणि संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगितलं. संसदेने पुढे त्याच्या खर्चातला काही भाग भरूनही दिला. १८२३ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला त्याच्या पद्धतीचा रस्ता झाला. १८३४ मध्ये 'सर' हा किताब चालून आला, तेव्हा वय झालं म्हणून त्याने नाकारला, तो मुलाने घेतला. २६ नोव्हेंबर १८३६ रोजी, स्कॉटलंडहून घरी परतताना वाटेतच मॉफॅट या गावी तो वारला.

या मॅकॅडमने तरुणपणी डांबराच्या कारखान्याचा कारभार पाहिला होता, पण त्याच्या रस्त्यात डांबराचा थेंब नव्हता! मोटारी आल्या, खडीच्या रस्त्यांवरून धुळीचे लोट उठू लागले, तेव्हा कुठे १९०२ मध्ये एडगर हूली या सर्व्हेअरने डांबर आणि खडीच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. त्याचं नाव टारमॅक. त्यातला 'मॅक' म्हणजे आपलाच मॅकॅडम.

आता आमची गल्ली. जेमतेम दीडशे मीटर, दोन्ही बाजूंना घरं, पुढे वाट बंद. मी अकरावीत असताना डांबरीकरणासाठी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. ऑफिसातले एक वयस्कर ओव्हरसिअर काका म्हणाले होते, की बेटा, गटार आणि पाइपलाइन होऊ दे, मग रस्ता करू. मला वाटलं, टाळाटाळ चाललीय. आम्ही मोर्चाच नेला आणि मार्चमध्ये रस्ता झाला. पेढे वाटले! जूनमध्ये पाइपलाइनसाठी तोच रस्ता खोदला. गटार नव्हतंच, पावसाचं पाणी चरात साचलं आणि गणपतीपर्यंत रस्त्याची चाळण झाली. त्याच खड्ड्यात आजीचा पाय मुरगळून ती पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. आज ती काठी घेऊन चालते, गल्लीच्या टोकाच्या देवळात जाणं मात्र बंद झालंय.

शेजारच्या गल्लीतले लोक दोन वर्षं चिखल तुडवत थांबले. त्यांचं आधी गटार झालं, मग पाइप, मग रस्ता. तो अजून टिकून आहे.

आजी मला कधी काही बोलली नाही. पण ते ओव्हरसिअर काका मॅकॅडमचंच म्हणणं सांगत होते, हे मला व्हायव्हात नापास होता होता कळलं. मित्रांनो, उद्या आपल्यापैकीच कुणीतरी अशा एखाद्या ऑफिसात खुर्चीवर बसेल आणि समोर सह्यांचा कागद घेऊन एखादी चिडलेली मुलगी येईल. तिला नुसतं थांबा म्हणू नका. खाली पाणी कुठून जातं, ते कागदावर काढून दाखवा. मला कुणी दाखवलं असतं, तर कदाचित मी थांबले असते.